ऋतुकाळातील भोवळ : एका लक्षणाच्या वैद्यकीय मीमांसेचा इतिहास

प्रस्तावना :

मासिक पाळीच्या दिवसांत काही स्त्रियांना भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, उभे राहवत नाही. घराघरांतून हे लक्षण इतके परिचयाचे आहे की त्याला इतिहास असू शकतो असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'बाईच्या जातीला हे चालायचेच' एवढ्या एका वाक्यात त्याची वासलात लावली जाते. परंतु हे वाक्यसुद्धा इतिहासाचाच एक भाग आहे. भोवळ कशामुळे येते, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत वैद्यांनी व डॉक्टरांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून मुलीचे लग्न केव्हा करावे, तिने शाळेत जावे की नाही, तिला औषध द्यावे की उपदेश, हे ठरत गेले. प्रस्तुत शोधनिबंधात या उत्तरांचा मागोवा घेतला असून, 'स्त्रीचा स्वभावधर्म' या स्पष्टीकरणाकडून 'शरीरातून गेलेले रक्त आणि त्याबरोबर गेलेले लोह' या स्पष्टीकरणाकडे वैद्यक कसे व किती सावकाश पोहोचले, याचे विवेचन केले आहे.

लक्षणाचे आजचे स्पष्टीकरण :

ऐतिहासिक विवेचनापूर्वी आजचे वैद्यक काय सांगते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पाळीतील भोवळीचे कारण एकच नसते. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते व पोटात कळा येतात. ती रक्ताभिसरणात उतरली की मळमळ, जुलाब व गरगरणे असे त्रास होऊ शकतात. तीव्र वेदनेमुळे काही व्यक्तींमध्ये हृदयाची गती एकाएकी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडून शुद्ध हरपते. या प्रकारच्या मूर्च्छेला थॉमस लुईस या ब्रिटिश हृदयतज्ज्ञाने १९३२ मध्ये 'व्हॅसोव्हेगल' हे नाव दिले. पाळीपूर्वी इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी घसरल्याने अर्धशिशी उठते, हे ब्रायन सॉमरव्हिल यांनी १९७२ मध्ये दाखविले, आणि अर्धशिशीबरोबर चक्कर येणे हे नित्याचेच आहे. उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, उन्हात फार वेळ उभे राहणे यांची त्यात भर पडते.

यांपैकी बहुतेक कारणे तात्पुरती आहेत. दिवस सरले की त्रास सरतो. एक कारण मात्र तसे नाही. पाळीत जाणारे रक्त दर महिन्याला थोडे थोडे लोह घेऊन जाते आणि आहारातून ते भरून निघाले नाही तर पंडुरोग जडतो. मग भोवळ पाळीपुरती राहत नाही. हे कारण सर्वांत व्यापक असून त्यावर उपाय करणेही सर्वांत सोपे आहे. असे असूनही ते ओळखण्यास सर्वाधिक वेळ लागला. या निबंधाचा मुख्य विषय तोच आहे.

सुश्रुताची नोंद :

भारतीय वैद्यकात या लक्षणाचा एक महत्त्वाचा उल्लेख सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळतो. 'असृग्दर' म्हणजे आर्तवाचा अतिस्राव. त्याचे वर्णन करताना सुश्रुताने अतिस्रावाच्या परिणामांची एक मालिका दिली आहे. दुर्बलता, भ्रम, मूर्च्छा, डोळ्यांपुढील अंधार, तहान, दाह, बरळणे, पांडुता व तंद्री ही लक्षणे तीत एकापाठोपाठ येतात. येथे भ्रम म्हणजे मनाचा गैरसमज नव्हे, तर गरगरणे.

या मालिकेतील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, भ्रम आणि पांडुता, म्हणजे चक्कर आणि फिकेपणा, या दोहोंना एकाच कारणाच्या पंक्तीत बसविले आहे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. सुश्रुताने ही लक्षणे ऋतुस्रावाला चिकटविलेली नाहीत. ती ऋतुस्रावाच्या अतिप्रवृत्तीला चिकटविली आहेत. म्हणजे पाळी येणे हा रोग नाही, मर्यादेबाहेर रक्त जाणे हा रोग आहे. त्याच शारीरस्थानात रजस्वलेने तीन दिवस पाळावयाचे कडक नियमही सांगितले आहेत. पुढील काळात समाजाने नियम तेवढे उचलले आणि चिकित्सकाची नोंद मागे टाकली. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसविलेल्या मुलीला विटाळाचे नियम सर्वांनी सांगितले. किती रक्त जाते, हे मात्र तिला फारसे कोणी विचारले नाही.

आयुर्वेदात पांडुरोगावर लोहाचे कल्प सांगितलेले आहेत. चरकसंहितेच्या पांडुचिकित्सेत नवायस चूर्ण व मंडूराचे वटक येतात. मंडूर म्हणजे जुन्या लोखंडाचा कीट. असृग्दर, भ्रम, पांडुता आणि लोह हे चारही दुवे अशा रीतीने परंपरेत उपलब्ध होते. मात्र त्यांना जोडणारा 'रक्तातून लोह जाते' हा धागा प्राचीन वैद्यकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. तो आज त्यात शोधण्याचा अट्टाहास करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही.

युरोपातील 'कुमारिकांचा रोग' :

युरोपातील विचाराची सुरुवात ग्रीक वैद्यकापासून होते. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात कुमारिकांच्या रोगांवर एक छोटे प्रकरण आहे. वयात येणाऱ्या मुलीचे रक्त बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने हृदयाकडे चढते आणि त्यामुळे तिला जडत्व, भीती व भ्रम होतो, असे त्यात सांगून लवकर विवाह हा उपाय सुचविला आहे. सुश्रुताच्या मते रक्त जास्त गेल्याने भोवळ येते, तर ग्रीक ग्रंथाच्या मते ते आत अडल्याने. लक्षण जवळपास तेच असले तरी त्याची कारणमीमांसा नेमकी उलट आहे.

१५५४ मध्ये योहानेस लांगे या जर्मन वैद्याचा पत्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील एक पत्र एका मित्राला उद्देशून आहे. मित्राची मुलगी फिकट पडली होती, जिना चढताना व नाचताना तिला धाप लागे, छातीत धडधडे आणि अन्नाचा, विशेषतः मांसाचा, तिटकारा वाटे. त्यामुळे जमत आलेली सोयरीक अडली होती. लांगेने ग्रीक ग्रंथाचा आधार घेऊन रोगाचे निदान केले आणि मुलीचे लग्न लावून द्यावे असा सल्ला दिला. आज हे पत्र वाचताना लोहन्यूनतेचे जवळजवळ संपूर्ण चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. रोग्याचे वर्णन अचूक, उपाय मात्र वधूपित्याला सोयीचा!

सतराव्या शतकाच्या आरंभी माँपेलिए येथील झाँ व्हारांदाल याने या विकाराला 'क्लोरोसिस' ही संज्ञा दिली. मूळ ग्रीक शब्द हिरवट-पिवळ्या रंगाचा वाचक असल्याने मराठीत 'हरित पांडू' म्हणता येईल. त्याच शतकात थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने लोखंडाचा कीस मद्यात भिजवून देण्याचा उपचार केला आणि तो लागू पडला. १८३२ मध्ये पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टराने फेरस सल्फेट व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या प्रचारात आणल्या. 'ब्लोच्या गोळ्या' शंभर वर्षे खपल्या. म्हणजेच औषध सापडले होते, पण ते का लागू पडते हे कोणी सांगू शकत नव्हते. कारण अज्ञात राहिल्यामुळे त्या रिकाम्या जागेत स्वभाव, प्रेमभंग, आळस, घट्ट चोळ्या आणि कादंबऱ्यांचे वाचन असे सर्व काही मावत होते.

व्यायामशाळेतील मूर्च्छा आणि शिक्षणाचा प्रश्न :

एकोणिसाव्या शतकात स्त्रिया उच्च शिक्षणाच्या दाराशी आल्या, तेव्हा या भोवळीला अनपेक्षित राजकीय महत्त्व प्राप्त झाले. एडवर्ड क्लार्क हे हार्वर्ड येथील वैद्यक महाविद्यालयातील माजी प्राध्यापक. 'सेक्स इन एज्युकेशन' हे त्यांचे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. वयात येण्याच्या काळात मुलीने मेंदूचे कष्ट केले तर प्रजननेंद्रियांकडे जावयाची शक्ती मेंदूकडे वळते व तिचे आरोग्य कायमचे बिघडते, असा त्यांचा सिद्धान्त होता. पुराव्यादाखल त्यांनी 'मिस डी' या विद्यार्थिनीचा दाखला दिला. ही मुलगी १४ व्या वर्षी व्हॅसार महाविद्यालयात दाखल झाली, पाळीच्या दिवसांतही तिने अभ्यास व कवायत सोडली नाही आणि व्यायामशाळेत ती मूर्च्छित पडली, असे त्यांचे कथन होते.

व्हॅसारच्या निवासी डॉक्टर अलायडा एव्हरी यांनी या कथनावर आक्षेप घेतला. इतक्या लहान वयाच्या मुलीला तेथे प्रवेशच दिला जात नसे. दाखल्याचा पायाच असा डळमळीत असूनही पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. गिरणीत काम करणाऱ्या मुलींचे काय, हा प्रश्न क्लार्क यांनाही टाळता आला नाही. त्या मेंदूने काम करीत नाहीत म्हणून त्यांना तेवढा अपाय होत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. चक्कर येण्याचा अधिकारही अशा रीतीने वर्गानुसार वाटला गेला होता.

१८७४ मध्ये हेन्री मॉड्स्ली यांनी इंग्लंडमध्ये हाच युक्तिवाद मांडला, तेव्हा 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' या नियतकालिकातच एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी त्याला उत्तर दिले. गरीब स्त्रियांचे नित्याचे काम पाळीत थांबत नाही आणि घरकामाच्या मोलकरणींना त्या दिवसांत कोणी सुट्टी देत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. विश्रांतीची काळजी नेमकी वर्गात बसणाऱ्या मुलींपुरतीच का, हा त्यांचा रोख होता.

सर्वांत भक्कम उत्तर मात्र मेरी पुटनम जॅकोबी यांनी दिले. हार्वर्डच्या बॉइल्स्टन पारितोषिकासाठी पाळीतील विश्रांती हा विषय ठेवण्यात आला होता. निबंध निनावी पाठवावयाचे असल्याने लेखिका स्त्री आहे हे परीक्षकांना कळण्याचा मार्ग नव्हता. १८७६ चे पारितोषिक जॅकोबी यांना मिळाले आणि १८७७ मध्ये निबंध पुस्तकरूपाने आला. क्लार्क यांनी मोजक्या रुग्णांच्या कहाण्या सांगितल्या होत्या. जॅकोबी यांनी प्रश्नावली पाठवून २६८ स्त्रियांची उत्तरे मिळविली, नाडीलेखक यंत्राने नाडीचा ताण नोंदविला आणि महिनाभरातील चढउतार तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की, ज्या स्त्रियांचे पोषण खरोखर योग्य आहे, त्यांना पाळीत विश्रांती आवश्यक ठरावी असे पाळीच्या स्वरूपात काही नाही.

या निष्कर्षातील अट नजरेआड होता कामा नये. जॅकोबी यांनी स्त्रियांचा त्रास नाकारला नाही; त्याचे स्थान बदलले. प्रश्न स्त्रीत्वाचा नसून पोषणाचा आहे, हे त्यांनी सांगितले. लोहाचा हिशेब मांडला जाण्याच्या कितीतरी आधी त्यांनी या प्रश्नाची दिशा अचूक दाखविली होती.

या वादाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. जॅकोबी १८६४ मध्ये ज्या पेन्सिल्व्हेनियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. गॅरेट अँडरसन यांच्या नेतृत्वाखालील लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयात डॉ. रखमाबाई शिकल्या व १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. उच्च शिक्षण स्त्रीच्या शरीराला पेलत नाही असे बड्या डॉक्टरांनी छापून सांगितल्यानंतर अवघ्या दोन दशकांत या दोघी त्या विद्येच्या अधिकारी झाल्या होत्या.

लोहाचा हिशेब :

रक्त मोजण्याची साधने आली तेव्हा कल्पनांची जागा आकड्यांनी घेतली. विल्यम गॉवर्स यांनी १८७८ मध्ये हिमोग्लोबिन मोजण्याचे सुटसुटीत उपकरण तयार केले. १८९३ मध्ये राल्फ स्टॉकमन या स्कॉटिश डॉक्टराने हरित पांडूच्या रुग्णांना त्वचेखाली लोह टोचून त्यांचे रक्त सुधारते हे दाखविले. पोटातून दिलेले लोह शरीरात शोषलेच जात नाही हा त्या काळचा प्रबळ आक्षेप त्यामुळे दुबळा झाला. पुढे त्यांनी रुग्णांच्या आहारातील लोहही मोजले आणि ते फारच थोडे असल्याचे आढळले. १९३७ मध्ये मॅकन्स व विडोसन यांनी आणखी एक मूलभूत गोष्ट पुढे आणली : शरीर लोह सहजासहजी बाहेर टाकत नाही, त्याचा तोल मुख्यतः शोषणावर सांभाळला जातो. मग ज्या शरीरातून दर महिन्याला रक्त जाते त्याचे गणित वेगळे असणार, हे उघड झाले.

हे गणित साधे आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हालबर्ग व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४७६ स्त्रियांचा पाळीतील रक्तस्राव प्रत्यक्ष मोजला गेला. सामान्यतः एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर गेल्यास पंडुरोगाचा धोका स्पष्टपणे वाढतो. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे ८० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे ४० मिलिग्रॅम लोह जाते. आतड्यांतून दिवसाला शोषले जाणारे लोह साधारण एक ते दोन मिलिग्रॅम असते, आणि भाकरी-डाळीच्या आहारातील लोह तर मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. ज्या मुलीचे ताट शेवटी वाढले जाते, तिच्या बाबतीत हा हिशेब जुळणे कठीण असते.

काही मुलींच्या बाबतीत मात्र पोषण हे कारण नसते. १९२४ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टराकडे ऑलंड बेटांवरील एक पाच वर्षांची मुलगी आणली गेली. तिच्या घराण्यात रक्त न थांबण्याचा विकार होता. त्यावरील त्यांचा निबंध १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुलगी पुढे वयाच्या १३ व्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने दगावली. रक्त गोठण्यातील हा आनुवंशिक दोष आज फॉन विलेब्रांड याच नावाने ओळखला जातो व तो फारसा दुर्मीळ नाही. पहिल्या काही पाळ्यांतच भोवळ येऊन पडणाऱ्या मुलीला 'होईल सवय' असे सांगणे किती धोक्याचे असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

मुंबईतील संशोधन :

पंडुरोगाच्या अभ्यासात मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. लंडनच्या वर उल्लेखिलेल्या विद्यालयातच शिकलेल्या डॉ. लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांच्या, गंभीर पंडुरोगाचा शोध घेतला. हा पंडुरोग लोहाने बरा होत नव्हता. आहाराची पाहणी, उंदीर व माकडे यांच्यावरील प्रयोग आणि शेवटी यीस्टपासून बनविलेले मार्माइट, असा त्यांच्या संशोधनाचा प्रवास आहे. मार्माइटने रुग्ण सुधारत असल्याचे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केले. त्यातील अज्ञात घटक काही काळ 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. तोच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून निश्चित झाला. क्लार्क यांनी ज्या गिरणीतील मुलींना निरोगी ठरवून बाजूला ठेवले, त्यांच्याच मुंबईतील भगिनींच्या रक्तातून हे जीवनसत्त्व हाती लागले, असे म्हणण्यास हरकत नाही. आज शाळेत व अंगणवाडीत मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र असते. त्या गोळीचा अर्धा इतिहास परळच्या आवारात घडलेला आहे.

मात्र हे ज्ञान प्रथम मातेसाठी वापरले गेले. भारत सरकारने १९७० मध्ये सुरू केलेल्या पंडुरोग प्रतिबंधक कार्यक्रमाचा भर गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यावर होता. पाळी सुरू झालेल्या परंतु अद्याप माता न झालेल्या मुलीसाठी साप्ताहिक लोह-गोळीचा देशव्यापी कार्यक्रम २०१२-१३ मध्ये आला आणि २०१८ पासून तो 'ॲनिमिया मुक्त भारत' या मोहिमेचा भाग झाला. स्त्रीचे रक्त शासनाच्या नजरेत प्रथम गर्भाच्या निमित्ताने आले, हे या चार दशकांच्या अंतरावरून दिसते.

फडातील पाळी :

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात हा विषय अगदी अलीकडे पुन्हा समोर आला. नवरा-बायकोची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो. पाण्याची व आडोशाची सोय नसलेल्या फडात, पहाटेपासून मोळ्या वाहताना, पाळीतील भोवळ म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीतील स्त्रियाही होत्या. क्लार्क यांनी पाळीच्या कारणास्तव मुलींना वर्गातून बाहेर काढू पाहिले होते. येथे काम टिकविण्यासाठी पाळीच शरीरातून काढून टाकली गेली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगग्रस्त आढळल्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५३ टक्के होते, म्हणजे मधल्या काळात ते वाढले. या पाहणीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन मोजले गेले. १५ ते २४ वर्षांच्या मुलींना त्या पाळीत कापड वापरतात की पॅड, हेही विचारले जाते. पाळीत रक्त किती जाते याची मोजणी मात्र त्यात नाही. अतिरक्तस्राव हे नाव तेथे येते ते गर्भाशय काढण्याच्या कारणांच्या तक्त्यात, आणि अशा शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी अतिरक्तस्राव वा वेदना हेच कारण सांगितले आहे.